डाव्या हाताची मूठ

मराठी भाषेने ज्या शब्दांकडून भरपूर काम करून घेतले आहे, त्यांत 'मूठ' या शब्दाची गणना करावी लागेल. बोटे मिटलेला हात म्हणजे मूठ. त्या हातात मावेल एवढे धान्य म्हणजेही मूठ. आणि विळा, खुरपे, तलवार, छत्री यांचा जो भाग आपण धरतो तीही मूठच. पेरणीला शेतकरी चाड्यावर मूठ धरतो, मृताला आपण मूठमाती देतो, झाकली मूठ सव्वा लाखाची ठरते आणि चार माणसे एकत्र आली की त्यांची वज्रमूठ होते. धरणारा हात आणि धरली जाणारी वस्तू या दोहोंना एकच नाव देण्यात भाषेने एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवून ठेवले आहे, असे मला वाटते. वस्तूची मूठ आणि हाताची मूठ या एकाच आकाराच्या दोन बाजू आहेत. एक बिघडली की दुसरीही बिघडते. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अद्वैताविषयी मी तीस-बत्तीस वर्षे वर्गात बोललो. ते अद्वैत लाकडात कसे घडवतात, हे गेल्या वर्षी कोल्हापुरातील एका सुताराच्या पडवीत मला पाहायला मिळाले.

निमित्त झाले ते माझ्या थोरल्या भावाच्या नातीचे. ती पंधरा वर्षांची आहे आणि पिस्तुलाने नेमबाजी करते. कोल्हापुरात यात नवल वाटण्यासारखे काही उरलेले नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकमध्ये रायफलच्या प्रकारात जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१३ साली चांगवनच्या विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ साली आशियाई खेळांत पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे कांस्यपदकाचा मानकरी झाला. ज्या गावात पूर्वी प्रत्येक घरातला एक मुलगा तालमीत जाई, तेथे आता एखादी मुलगी नेमबाजीच्या केंद्रात जाते. आमच्या नातीचा प्रकार दहा मीटरचा. हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल, साडेचार मिलिमीटरची शिशाची गोळी आणि समोर कागदाचे लक्ष्य. या पिस्तुलाने कोणाचा जीव घ्यायचा नसतो. सारी झुंज स्वतःच्या श्वासाशी आणि हाताच्या थरथरीशी असते.

तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या पुतण्याचा, छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हळदीकुंकवाची निमंत्रणे यांवर तो चालत असे. निमंत्रणे फोनवरून जाऊ लागल्यापासून त्याची यंत्रे आठवड्यातले निम्मे दिवस झाकलेलीच असतात. अशा परिस्थितीत त्याने मुलीसाठी एका ज्येष्ठ नेमबाजाकडून ऑस्ट्रियात बनलेले जुने पिस्तूल हप्त्याने घेतले. पिस्तूल उत्तम होते. अडचण एकच होती : त्याची अक्रोडाची मूठ उजव्या हातासाठी घडवलेली होती, आणि पोर डावखुरी आहे.

डावखुऱ्या माणसाच्या वाट्याला काय येते, हे आमच्या घराला ठाऊक आहे. माझी थोरली बहीण डावखुरी होती. शाळेत घातल्यावर पहिल्याच महिन्यात मास्तरांनी तिचा डावा हात फडक्याने बाकाला बांधला आणि उजव्या हातात पेन्सिल दिली. त्या काळी याला शिस्त म्हणत. घरच्यांनाही त्यात वावगे वाटले नाही, कारण डाव्या हाताने जेवणे अशुभ आणि डाव्या हाताने देणे अपमानाचे, अशीच सर्वांची समजूत होती. ती लिहायला शिकली. परंतु तिचे अक्षर आयुष्यभर दुसऱ्या कोणाचे तरी वाटत राहिले. सासरहून येणारी तिची पत्रे चार ओळींची असत. समोर बसून ती तासन्‌तास गोष्टी सांगे, आणि त्या गोष्टींतला एकही शब्द कधी कागदावर आला नाही. तिच्या मृत्यूनंतर तिच्या हस्ताक्षरातले म्हणावे असे आमच्याकडे जे राहिले, ते एका पोस्टकार्डावर मावेल.

भाषाही याबाबतीत निष्पक्ष नाही. एखादी कविता दुसरीहून सरस असेल तर आम्ही समीक्षक तिला 'उजवी' म्हणतो; भेदभाव करणारा माणूस 'डावे-उजवे' करतो; आणि वाक्यात 'उजवा कौल' मिळतो. देवळातही कौल उजवा लागला तर काम होणार आणि डावा लागला तर नाही. डाव्या हाताच्या माणसाला हे शब्द रोज ऐकावे लागतात. म्हणूनच जेव्हा पुतण्या मला म्हणाला, "काका, तूर्त तिने उजव्या हाताने सराव केला तर नाही का चालणार? नवी मूठ आत्ता परवडणारी नाही," तेव्हा मी त्याला एवढेच म्हणालो, की मुठीचे काय करायचे ते माझ्याकडे सोड. तो गप्प बसला. आत्याच्या बांधलेल्या हाताची हकिकत त्यालाही ऐकून माहीत होती.

मूठ निवडायची म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला तीन आठवडे लागले. दहा मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर असतो. म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या शर्टाच्या गुंडीएवढा. पिस्तुलावर मागे एक खाच असलेली आणि पुढे एक चौकोनी अशा नेमाच्या दोन खुणा असतात. त्यांच्यातले अंतर साधारण ३५ सेंटिमीटर धरले, तर त्या दोहोंच्या जुळणीत एका मिलिमीटरची चूक झाल्यास लक्ष्यावर ती २८-२९ मिलिमीटर होऊन उमटते; दहाऐवजी सात गुण मिळतात. उलट, दोन्ही खुणा एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि सबंध हातच मिलिमीटरभर हलला, तर गोळीही जवळजवळ तेवढीच हलते. हाताची थरथर क्षम्य आहे, मनगटाचा कोन बिघडणे क्षम्य नाही. हा कोन साठच्या साठ वेळा तोच राहावा, याची जबाबदारी मुठीवर असते. मूठ चांगली असेल तर डोळे मिटून पिस्तूल उचलावे आणि डोळे उघडताच दोन्ही खुणा जागच्या जागी दिसाव्यात. मूठ चुकीची असेल तर दर खेपेला स्नायूंना ती चूक दुरुस्त करावी लागते, आणि स्नायू थकतात. स्पर्धा ७५ मिनिटे चालते. थकायला तेवढा वेळ पुरेसा आहे.

या खेळाचे नियमही मुठीविषयी दक्ष आहेत. सबंध पिस्तूल ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद अशा पेटीत मावले पाहिजे. वजन दीड किलोपेक्षा अधिक असता कामा नये. चाप किमान ५०० ग्रॅमचा भार उचलणारा असावा. मुठीने हाताला कितीही घट्ट मिठी मारावी, परंतु मनगटाला आधार देऊ नये; मनगट मोकळे दिसलेच पाहिजे. हे वाचताना मला दांडपट्टा आठवला. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराच्या दिशेने चढत जाणारे लोखंडी आवरणच असते. आडव्या दांड्यावर बोटे मिटली की मनगट त्या आवरणात बंदिस्त होते आणि सारा हात पात्याचा विस्तार बनतो. युद्धाला तो बंदिस्तपणा हवा होता. खेळाला नको आहे. माणसाच्या मनगटाची अनिश्चितता शिल्लक राहावी, म्हणजेच कौशल्याला काही अर्थ राहील, असे नियम करणाऱ्यांना वाटले असावे. छंदाचे बंधन किती असावे, यावर आमच्याकडे झालेल्या वादांचे सारही याहून फार वेगळे नाही.

पर्याय तीन होते. जर्मनीतील नामांकित कारागिरांनी बनवलेली डाव्या हाताची तयार मूठ मागवणे हा पहिला. तिला तळहाताखाली वरखाली सरकणारी फळी असते, अंगठ्यासाठी उथळ खोबण असते, पृष्ठभागावर बारीक टिंबांची खरखर असते. किंमत, आयातकर आणि टपालखर्च मिळून आकडा पुतण्याच्या दीड महिन्याच्या कमाईएवढा होत होता. तोही खर्च मी केला असता. निवृत्तिवेतनात तेवढी सोय होते. पण मुलीचा हात वाढता आहे. आज 'लहान' मापाची मूठ घ्यावी, तर वर्ष-दीड वर्षात ती अपुरी पडणार. उंची वस्तू वाढत्या अंगाला घेऊ नये, हे आपल्याकडची कोणतीही आई सांगेल. दुसरा पर्याय लाकडाच्या पातळ थरांना चिकटवून यंत्रावर कापलेल्या मुठींचा. त्या स्वस्त असतात; थर आलटूनपालटून बसवल्यामुळे लाकूड वाकत नाही. डाव्या हाताची अशी मूठ तिच्या पिस्तुलाच्या जातीला बसणारी मिळाली नाही. तिसरा पर्याय, इथेच घडवून घेण्याचा.

हा तिसरा मार्ग सुचला तो नव्या राजवाड्यातील संग्रहालयामुळे. मुलीला घेऊन मी तेथे गेलो होतो, आणि शस्त्रांच्या दालनात ती पात्यांऐवजी मुठीच पाहत फिरत होती. "आजोबा, या एवढ्या लहान का?" असे तिने विचारले. तिचा स्वतःचा हातही त्यांत जेमतेम मावला असता. त्या निमित्ताने मी तिला 'फिरंग' या तलवारीची गोष्ट सांगितली. युरोपातून आलेली सरळ, लांब पाती दख्खनमध्ये मोलाची समजली जात. परंतु त्यांच्या मूळच्या मुठी आपल्या हाताला आणि आपल्या हत्यार चालवण्याच्या पद्धतीला रुचत नसत. म्हणून इथल्या कारागिरांनी परदेशी पात्यांना देशी मुठी बसवल्या, आणि नाव मात्र पात्याच्या मुलखाचे राहिले. साहित्यातही असेच घडत आले आहे. केशवसुतांनी इंग्रजीतील चौदा ओळींचा रचनाबंध घेतला आणि मराठी वृत्तांची मूठ त्याला बसवली. ते सुनीत पुढे इतके आपले झाले की त्याच्या परकेपणाची आठवण विद्यार्थ्यांना करून द्यावी लागते. पाते कोठले का असेना, मूठ आपल्या हाताची असावी. मुलगी म्हणाली, "मग माझीसुद्धा इथंच करू या की."

लाकडाचा प्रश्न पुढे आला. बंदुकीच्या दस्त्यांसाठी जगभर अक्रोडाला मान आहे, आणि तो उगीच नाही. अक्रोड मध्यम वजनाचा असतो, धक्का सोसतो, सहसा तडकत नाही आणि एकदा नीट वाळला की हवेतील ओलाव्याने फारसा फुगत-आखडत नाही. कोरण्यालाही तो अनुकूल असतो. श्रीनगरच्या कारागिरांनी त्यावर चिनाराची पाने कोरून हे शतकानुशतके सिद्ध केले आहे. मात्र काश्मिरात अक्रोडाचे झाड तोडण्यावर निर्बंध आहेत, आणि कोल्हापुरात त्याचा चांगला तुकडा मिळणे दुर्लभ. आपल्या रानातील झाडांची यादी मग मी मनाशी करू लागलो. औताला आणि गाडीच्या तुंब्याला बाभूळ चालते. ती चिवट खरी, पण वजनाने जड आणि अवजारांची धार घालवणारी. कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, कारण ती लवचिक असते आणि हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. सागवान टिकाऊ असला तरी त्याची शिरा सरळ फाटते आणि बारीक कंगोरे त्यात टिकत नाहीत. शिवण हलकी, स्थिर आणि कोरायला मऊ. म्हणून वाद्ये करणाऱ्यांना ती प्रिय. शिसव घट्ट, जड, गर्द; तिचा कंगोरा पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहतो. प्रत्येक लाकडाचा स्वभाव आपल्या लोकांनी कोणत्या ना कोणत्या मुठीत, दांड्यात, खुंट्यात ओळखून ठेवलेला आहे. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण फितुरीसाठी वापरतो. ती घडवणाऱ्याला दांडा कोणत्या लाकडाचा करतात हे नक्की माहीत असणार.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते मेस्त्री सत्तरीचे आहेत. शेतीच्या अवजारांची लाकडी कामे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. ट्रॅक्टर आल्यावर ते खिडक्या-दारांकडे वळले आणि आता मुलाच्या फर्निचरच्या दुकानामागे पडवीत बसून मनाला येईल ते काम करतात. पिस्तूल त्यांनी प्रथमच हातात घेतले असावे. मुलीने ते रिकामे असल्याची खात्री करून दाखवली, जुनी मूठ काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि कागदावर तिने लिहून आणलेली मापे वाचू लागली. मेस्त्रींनी कागद बाजूला सारला. "हात दाव की पोरी," ते म्हणाले. तिचा तळवा त्यांनी उलटासुलटा केला, बोटे मिटायला लावली, उघडायला लावली. "मूठ मापाला विचारून करायची नसतीया. हाताला विचारायचं."

परंतु त्यांनी प्रथम पाहिले ते मुठीचे बाहेरचे रूप नव्हे. जुन्या मुठीच्या पोटातील पोकळी ते बराच वेळ निरखत राहिले. ज्या लोखंडी खुंटावर ती बसते, त्याचे त्यांनी चहूबाजूंनी माप घेतले. खरी मेख तेथे आहे, असे त्यांचे म्हणणे. बाहेरून लाकूड कमीजास्त झाले तर कानशीने काढता येते, लांबी भरून वाढवता येते. आतला सांधा सैल राहिला तर सोन्याची मूठ केली तरी ती डुगडुगणार. स्वस्तात मूठ घ्यायची असेल तर हीच कसोटी लावावी, असे माझ्या ध्यानात आले : सांधा अचूक असलेली ओबडधोबड मूठ चांगली, सांधा चुकलेली देखणी मूठ वाईट. ग्रंथांची परीक्षा करतानाही पुष्कळदा याच क्रमाने जावे लागते. भाषेची झिलई नंतर पाहता येते. अनुभवाच्या खुंटावर लिखाण घट्ट बसले आहे की नाही, ते आधी पाहायचे.

दुसऱ्या दिवशी शाडूची माती आणली. खुंटाच्या आकाराच्या एका लाकडी ठोकळ्याभोवती मेस्त्रींनी मातीचा गोळा थापला आणि मुलीला, डोळे मिटून, पिस्तूल धरल्यासारखा तो धरायला सांगितला. पाच वेळा माती सारखी केली आणि पाच वेळा धरायला लावली. पाचही ठसे ठेवून पाहिल्यावर दिसले, की चार सारखे होते आणि पाचवा, म्हणजे पहिला, वेगळा होता. "पयल्या बारीला तू आमास्नी दावायला धरलंस," मेस्त्री हसून म्हणाले, "मागनं तुझ्यासाठी." पहिला ठसा त्यांनी मोडून टाकला. लेखनाच्या पहिल्या खर्ड्याविषयी याहून नेमके विधान मी ऐकलेले नाही.

पहिला तुकडा आंब्याचा घेतला. अंगठ्याच्या बेचक्याशी लाकूड पातळ होते, आणि तेथे शिरा आडवी आल्यामुळे स्क्रू आवळताच तो चिरला. लाकडाची शिरा मुठीच्या उंचीच्या दिशेने, बेचक्यापासून करंगळीकडे उतरत जायला हवी, हे त्या चिरेने आम्हांला दाखवून दिले. दुसरी मूठ शिवणीची. ती केवळ नमुना म्हणून करायची होती. मऊ लाकूड, चुकले तरी हळहळ नाही. मेस्त्रींनी मुलीच्या तळव्याला काजळ फासले आणि तिला मूठ धरायला लावली. लाकडावर जेथे काळे उमटले तेथे हात टेकत होता, जेथे कोरे राहिले तेथे टेकत नव्हता. काळे ठिपके कानशीने हलकेच उतरवायचे, पुन्हा काजळ, पुन्हा कानस. असे सात-आठ वेळा झाल्यावर काळा रंग सबंध तळव्याच्या आकारात सारखा पसरला. एकाच ठिकाणी मुद्दाम पोकळी ठेवली : चापावर जाणाऱ्या बोटाचे मूळ लाकडाला कोठेही शिवू नये, म्हणून. चारही बोटांतून ते एक बोट स्वतंत्र राहिले पाहिजे. बाकीच्यांनी धरायचे, त्याने फक्त मागे यायचे.

बा. सी. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. ती मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. पडवीतल्या त्या दुपारी ती मला एका वितीच्या लाकडात दिसली. तळवा आणि फुगीर भाग यांचा संवाद. अंगठा व बोटे यांच्या परस्परांविरुद्ध दाबांचा विरोध. आणि पुढे झुकू पाहणारे नळीचे वजन व मागे तोलून धरणारे मनगट यांचा समतोल. सौंदर्यशास्त्राची परिभाषा कारागिराला ठाऊक नसते म्हणून त्याचे काही अडत नाही. परिभाषेला मात्र अधूनमधून कारागिराच्या पडवीत जावे लागते, नाहीतर ती सैल सांध्यासारखी वाजू लागते.

अखेरच्या मुठीसाठी शिसव ठरली. बाजारात शिसवीचा नवा तुकडा महाग, आणि तो पुरता वाळला आहे याची खात्री नाही. ओल राहिलेले लाकूड कोल्हापूरच्या पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आखडते, म्हणजे जुळवलेला सांधा सहा महिन्यांत मोडतो. मेस्त्रींनी विचारले, "घरात जुनं काय हाय का?" आमच्या वाड्याच्या माळ्यावर आजीचा शिसवी पलंग सुटा करून ठेवलेला होता. सत्तर-ऐंशी वर्षांचे ते लाकूड. जेवढे सुकायचे, वाकायचे, तडकायचे तेवढे केव्हाच होऊन गेलेले. त्याचा एक पाय उतरवून आणला. त्याच पलंगावर माझ्या बहिणीचे बाळंतपण झाले होते आणि शाळेतून आल्यावर दुखरा हात उशाखाली घालून ती निजत असे तेही तेथेच. हे मी मेस्त्रींना सांगितले नाही. त्यांनी पायाला नख लावून पाहिले, वास घेतला आणि करवत मागितली.

शिसवीला कापताना जांभळट भुसा पडतो. तो काहींच्या त्वचेला बाधतो. शिवाय तळहाताचा घाम तासन्‌तास लाकडात मुरणार. म्हणून कोरीव काम झाल्यावर मुठीला जवसाच्या तेलाचे हात दिले, प्रत्येक हातानंतर दोन-तीन दिवस वाळू दिले. झिलई केली नाही. गुळगुळीत मूठ घामाने निसटते. खिळ्याच्या टोकाने जवळजवळ टिंबे ठोकून पृष्ठभाग खरखरीत केला. तळहाताखालची फळी वेगळी करून तिला लांबट भोक पाडले आणि दोन स्क्रूंनी बसवली, म्हणजे हात वाढेल तशी ती खाली सरकवता येईल. मेस्त्रींनी आठ दिवसांची मजुरी घेतली, ती आयात मुठीच्या किमतीच्या सहाव्या हिश्शाएवढी होती. अधिक द्यायला गेलो तर म्हणाले, "ह्येच्यात लाकूड तुमचं, हात पोरीचा. माजी कानस तेवढी."

त्या महिन्यात मी मुलीला एका हंगेरियन नेमबाजाची गोष्ट सांगितली. कारोय ताकाच हा सैन्यातला जवान. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला जलद पिस्तुलाचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. मला वाटले, ही गोष्ट तिला धीर देईल. तिने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "आजोबा, त्याला डाव्या हातावर यावं लागलं. मी तिथंच होते." मी तिच्याकडे पाहत राहिलो. डावा हात म्हणजे भरून काढायची उणीव नसून ती तिची राहण्याची जागा आहे, हे या पोरीने सहजपणे सांगून टाकले होते. माझ्या बहिणीला असे सांगण्याची मुभा कोणी दिली असती, तर तिची पत्रे किती पानांची झाली असती, असा विचार त्या रात्री बराच वेळ मनात राहिला.

नवी मूठ हातात आल्यावर चमत्कार झाला नाही. पहिले पंधरा दिवस तिचे गुण घसरले, कारण चुकीच्या मुठीला सांभाळण्यासाठी स्नायूंनी ज्या सवयी लावून घेतल्या होत्या त्या सुटायला वेळ लागतो. मग लक्ष्यावरचे इतस्ततः पसरलेले ठिपके हळूहळू एकत्र येऊ लागले. ते मध्यावर नव्हते. थोडे खाली होते. प्रशिक्षकांना त्याचाच आनंद झाला. विखुरलेल्या ठिपक्यांना उपाय नसतो. एकत्र आलेले ठिपके, चुकीच्या जागी का होईना, नेमाची खूण फिरवून मध्यावर आणता येतात. जिल्हा स्पर्धेत ती सहावी आली. राज्य स्पर्धेत पहिल्या निम्म्यांतही नव्हती. तरीही तिच्या साठ गोळ्यांपैकी शेवटच्या दहा सर्वांत चांगल्या होत्या, म्हणजे हात थकला नव्हता. पुतण्याने लक्ष्यांचे ते कागद छापखान्यात भिंतीला लावून ठेवले आहेत. पत्रिकांचे नमुने पाहायला येणारी गिऱ्हाइके त्यांच्याविषयी विचारतात, आणि एरवी अबोल असलेला तो माणूस मुठीपासून सुरुवात करून सगळे सांगतो.

मूठ आता घामाने काळवंडली आहे. अंगठ्याच्या खोबणीत टिंबे झिजून लाकूड तुळतुळीत झाले आहे, आणि फळी दोन वेळा खाली सरकवून झाली. परवा मेस्त्रींनी तिचा हात पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत नवी करावी लागेल असे सांगितले. तिला खर्चाची काळजी वाटली. वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला ती नेहमीच वाटते. मी तिला माळ्यावर नेले आणि आजीचा पलंग दाखवला. त्याचे अजून तीन पाय शिल्लक आहेत.